लाकूड शाबूत आहे, असं नक्की कोण म्हणतंय?



गेल्या महिन्यात पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने मला त्याच्या संशोधन-आराखड्याचा मसुदा वाचायला पाठवला. विषय चांगला होता: कोरड्या हवामानात जुनं इमारती लाकूड कसं टिकतं. दुसऱ्याच पानावर एक वाक्य होतं, ‘नेवाडाच्या वाळवंटातल्या बंद पडलेल्या खाणींमध्ये शंभर वर्षांपूर्वीचं लाकूडकाम आजही उत्तम स्थितीत आहे.’ आधार काय, तर चार यूट्यूब व्हिडिओ. आणि शेवटी मला प्रश्न, ‘ताई, व्हिडिओचा संदर्भ दिलेला चालतो का?’

चालतो की नाही, हे तुमचं विद्यापीठ आणि गाइड ठरवतील. खरा प्रश्न वेगळा आहे: या व्हिडिओतून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही? म्हणून दोन रविवार मी ते चार आणि त्याच पठडीतले आणखी बरेच व्हिडिओ बघितले, वही-पेन घेऊन. आजचा लेख म्हणजे त्या पठडीची समीक्षा. आधीच सांगते, मी लाकडाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणारी मुलगी आहे. त्या खाणींत मी कधी उतरलेली नाही.

आधी त्यांचं श्रेय

हे व्हिडिओ साधारण एकाच चालीवर जातात. ओसाड डोंगर, कच्चा रस्ता, खाणीचं तोंड. हेल्मेटवरचा दिवा लागतो आणि आपण आत शिरतो. दोन्ही बाजूंना खांब, वर आडवी तुळई, तिच्यामागे फळ्या. खाली रूळ, कुठे मालवाहू डबा, कुठे स्फोटकांची रिकामी खोकी. आणि मग ते ठरलेलं वाक्य येतंच: बघा, काल सोडून गेल्यासारखं आहे सगळं!

यांना उडवून लावणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. जिथे संशोधक सहसा पोचत नाहीत, तिथलं दृश्य ही मंडळी आणतात. कॅमेरा सलग चालतो, त्यामुळे एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतचा क्रम कळतो, जो सुट्या फोटोत हरवतो. आणि व्हिडिओला तारीख असते. दहा वर्षांनी त्याच बोगद्याचा दुसरा व्हिडिओ आला, तर काय बदललं ते ताडून बघता येईल. नोंद म्हणून हे मोलाचं आहे.

माझी तक्रार नोंदीबद्दल नाही, त्या नोंदीवर चिकटवलेल्या ‘सुस्थितीत’ या शब्दाबद्दल आहे.

‘सुस्थितीत’ या शब्दात तीन दावे आहेत

पहिला दावा: लाकूड कुजलेलं नाही. वाळवंटात हे पटकन पटतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो. डेथ व्हॅलीच्या तळाशी वर्षाला सरासरी ५-६ सेंटिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्याकडे जुलैतल्या एखाद्या दिवशी पडून जातो तेवढा. तिथे उघड्यावरच्या लाकडाला बुरशीची भीती कमीच. पण खाणीच्या आतली हवा म्हणजे बाहेरची हवा नव्हे. खडकातून पाणी झिरपतं, वारा खेळत नाही, खोलीप्रमाणे तापमान बदलतं. तोंडापासून वीस पावलांवरचा खांब ठणठणीत आणि दोनशे पावलांवरचा पोकळ, असं एकाच बोगद्यात घडू शकतं. ‘वाळवंटी हवामान’ हे कारण सबंध खाणीला लावता येत नाही.

दुसरा दावा: लाकूड मजबूत आहे. इथे माझीच गोष्ट सांगते. पहिल्या वर्षी एका जुन्या तुळईचा तुकडा माझ्याकडे आला. कडा सरळ, रंग छान, टिचकी मारली तर आवाजही ठीक. मी वहीत लिहिलं, ‘नमुना सुस्थितीत’. गाइडनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि बाजूला फक्त प्रश्नचिन्ह. छेद घेऊन बघितलं तर पेशींच्या भिंती जागोजागी खाल्लेल्या. काही प्रकारच्या कुजीत लाकडाचा आकार तसाच राहतो आणि ताकद मात्र आधी जाते. वजन जेमतेम पाच-दहा टक्के घटलेलं असतं, तेव्हा वाकण्याची ताकद निम्म्यावर आलेली असू शकते. हे कॅमेऱ्याला दिसत नाही. खरं तर डोळ्यालाही दिसत नाही.

कूज नसली तरी भार असतोच. काही मिनिटांच्या चाचणीत लाकूड जेवढा भार सोसतं, तेवढा ते दहा वर्षं सतत सोसत नाही. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या वनोत्पादन प्रयोगशाळेने १९५०च्या सुमारास मांडलेल्या हिशेबानुसार दीर्घकाळाच्या भारासाठी ही ताकद साधारण ६०-६५ टक्केच धरतात. शंभर वर्षं डोंगराखाली उभा असलेला खांब ‘अजून उभा आहे’ म्हणून बळकट ठरत नाही. तो फक्त अजून उभा आहे.

तिसरा दावा सगळ्यात फसवा: अशा खाणींतलं लाकूड टिकतं. अहो, जिथलं टिकलं तिथलेच तर व्हिडिओ बनतात! ढासळलेल्या बोगद्यात कॅमेरा जातच नाही. शिवाय या भागात लाकूड मुळात दुर्मीळ. खाण बंद पडली की रूळ, यंत्रं, लाकूड, कधी तर आख्खी इमारत पुढच्या वस्तीकडे जायची. नेवाडातलं ऱ्हायोलाइट गाव ओस पडल्यावर तिथल्या इमारती शेजारच्या बीटी गावात हलवल्या गेल्या, हे प्रसिद्ध उदाहरण. म्हणजे लाकूड शाबूत दिसलं, तर त्यामागे हवामान असेल, किंवा ती खाण इतकी आडबाजूला असेल की ते काढून नेणं कोणाला परवडलं नाही. आपल्या नमुन्यात फक्त वाचलेलेच आहेत आणि आपण त्यांच्यावरून सगळ्यांबद्दल बोलतोय. संख्याशास्त्राच्या पेपरात ही चूक आपण लगेच पकडतो, पण व्हिडिओ बघताना ती निसटते.

तुलनेसाठी एक जुना फोटो

याच नेवाडात, व्हर्जिनिया सिटी इथे, १८६७-६८च्या हिवाळ्यात टिमथी ओसलिव्हन हा छायाचित्रकार कॉमस्टॉकच्या चांदीच्या खाणींत उतरला. क्लॅरेन्स किंग यांच्या सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं काम होतं. जमिनीखाली उजेड कुठला, म्हणून त्याने मॅग्नेशियम जाळून फोटो घेतले.

त्यातला एक फोटो ढासळलेल्या जागेचा आहे. मोडलेल्या, तिरक्या झालेल्या, एकमेकांत अडकलेल्या ओंडक्यांची नुसती गर्दी. हा फोटो समजायचा तर आधी कॉमस्टॉकचं लाकूडकाम समजायला हवं. तिथलं खनिज मऊ, आणि त्याचा पट्टा जागोजागी ५० फुटांहून रुंद. एवढ्या रुंद पोकळीला दोन खांब आणि एक तुळई कशी पुरणार? १८६० मध्ये ऑफिर खाणीत फिलिप डाइडेसहाइमर या जर्मन अभियंत्याने उपाय काढला. जाड चौकोनी लाकडांचे पिंजरे करायचे, पिंजऱ्यावर पिंजरा, पिंजऱ्याला लागून पिंजरा. टोकांना अशा खाचा पाडायच्या की भार वाढेल तसे सांधे आणखी घट्ट बसावेत. सगळी भिस्त खिळ्यांवर नाही, खाचांवर आणि पाचरांवर. आणि काम झालेले पिंजरे टाकाऊ दगडाने भरून टाकायचे.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. दगडाने भरायचे, कारण डोंगर कायमचा पेलणं हे लाकडाचं काम नव्हतंच. माणसं खनिज काढून बाहेर पडेपर्यंत वेळ मिळवून देणं हे त्याचं काम. लाकूड मोडण्याआधी करकरतं, वाकतं, सूचना देतं. खाणकामगार कान देऊन त्याचा आवाज ऐकायचे.

म्हणून मला वाटतं, ओसलिव्हनचा तो एक फोटो लाकूडकामाबद्दल ‘जसंच्या तसं’ दाखवणाऱ्या अनेक व्हिडिओंपेक्षा जास्त सांगतो. कोणता भाग मोडला, कोणता नुसता कलला, सांधा सुटला की लाकूडच तुटलं, हे प्रश्न तो बघणाऱ्याला विचारायला लावतो. उभ्या खांबाकडे बघून आपण ‘वा’ म्हणतो आणि पुढे जातो.

अर्थात ओसलिव्हनलाही सूट नको. त्या झगझगीत उजेडात पुढचं पांढरं पडतं, मागचं काळोखात बुडतं. एका चौकटीवरून जागेची खोली आणि लांबी कळत नाही. आणि सर्वेक्षणाचा रस देशाच्या खनिज-संपत्तीत होता. प्रत्येक साधन कोणाच्या तरी कामासाठी बनलेलं असतं, ते जुनं असलं म्हणून निर्मळ होत नाही.

दोघांच्याही चौकटीबाहेर राहिलेलं

खाणीच्या आतल्या या चित्रांत एक प्रश्न मला कुठेच दिसला नाही: हे लाकूड आलं कुठून? व्हर्जिनिया सिटीच्या आसपास एवढ्या जाडीची झाडं नव्हती. ती आली सिएरा नेवाडाच्या उतारांवरून, टाहो सरोवराच्या परिसरातून. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या लाकडी पन्हळींतून पाण्याबरोबर ओंडके खाली सोडत, पुढे रेल्वेनेही नेत. जंगलंच्या जंगलं जमिनीखाली गेली. जवळच्या टेकड्यांवरची पिन्यॉनची झाडं जळणासाठी तुटली, आणि त्या झाडांच्या बियांवर तिथल्या वाशो आणि पायूट लोकांचा हिवाळा निघायचा. लाकूडतोड्यांत चिनी मजूरही होते. ‘उत्तम लाकूडकाम’ म्हणताना हे सगळं गाळलं, तर लाकूड नुसतं सजावटीचं सामान होतं.

दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे देखभाल. डेथ व्हॅलीतली कीन वंडर ही सोन्याची खाण घ्या. १९०७ मध्ये तिथे डोंगरावरून खनिज खाली आणायला तारेवरचा पाळणा-मार्ग बांधला. त्याचे लाकडी मनोरे आजही उभे आहेत आणि फोटोंत फार देखणे दिसतात. पण असुरक्षित बांधकामं, उघडी खाण-तोंडं आणि दूषित माती यांमुळे राष्ट्रीय उद्यानाने ही जागा २००८ मध्ये बंद केली आणि दुरुस्ती, डागडुजी करून २०१७ मध्ये पुन्हा उघडली. ‘वाळवंटाने जपलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातला काही भाग पगारी माणसांनी जपलेला असतो.

मग व्हिडिओ वापरायचा कसा?

मी त्या ज्युनिअरला चार रकाने आखायला सांगितले. व्हिडिओतलं मिनिट, पडद्यावर काय दिसतं, बोलणारा काय म्हणतो, आणि मी काय अनुमान काढतो. या चारांची सरमिसळ होऊ द्यायची नाही, एवढंच पथ्य. करून बघा, पहिल्या दहा मिनिटांतच कळतं की आपलं ‘निरीक्षण’ म्हणजे बहुतेकदा तिसरा रकाना असतो, दुसऱ्याचं वाक्य.

दुसऱ्या रकान्यात मात्र खजिना सापडतो. लाकडावर गोल करवतीचे कमानदार ओरखडे आहेत की कुऱ्हाडीचे घाव? खिळे चौकोनी आहेत की तारेचे गोल? अमेरिकेत तारेचे खिळे १८९०च्या दशकात सर्रास झाले, त्यामुळे काळाचा ढोबळ अंदाज येतो. ढोबळच, कारण लाकूड आणि खिळे दोन्ही पुन्हा वापरले जात. वर्षवलयांवरून तोडणीचं साल काढता येतं, पण ओंडका चौकोनी कापताना बाहेरची वलयं गेलेली असतील, तर ‘या सालानंतर केव्हातरी’ एवढंच म्हणता येतं. आणि नमुना काढायला परवानगी लागते. तिथल्या सरकारी जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना १९७९च्या कायद्याचं संरक्षण आहे.

एक गोष्ट हात जोडून सांगते. हे वाचून आपल्याकडच्या किंवा कुठल्याही बंद खाणीत ‘फील्डवर्क’ला शिरू नका. कुजणारं लाकूड आणि गंजणारं खनिज बंद जागेतला प्राणवायू खातात. श्वास कोंडल्याचं कळेपर्यंत पाय हललेले नसतात. परवानगी, जाणकार माणूस आणि वायुमापक यांच्याशिवाय एक पाऊलही नाही.

परवा त्याचा सुधारलेला मसुदा आला. वाक्य आता असं आहे: ‘पाहिलेल्या चार व्हिडिओंत तोंडाजवळचे खांब उभे आणि सरळ दिसतात. लाकडाची आतली स्थिती आणि उरलेली ताकद या पुराव्यावरून सांगता येत नाही.’ सोबत निरोप होता, ‘ताई, माझं सगळ्यात भारी वाक्य गेलं की हो.’

गेलं खरं. पण त्याच्या जागी आलेलं दुसरं वाक्य नीट वाचलं, तर त्यात त्याचा पुढच्या चार वर्षांचा प्रश्न आहे. तुमच्या मसुद्यातही एखादं ‘उत्तम स्थितीत’, ‘लक्षणीय’, ‘मोठ्या प्रमाणावर’ असेलच. आज रात्री त्याच्याभोवती लाल गोल काढा. पुढच्या लेखात वर्षवलयं मोजायची पद्धत बघू.