पेंग्विन पाहिला, पुढे काय?

उन्हाळ्याच्या सुट्टीत विचुंब्याहून मुलांना घेऊन गाडी निघते आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत पोहोचते. परतल्यावर मुलांना विचारावे, "पेंग्विन कुठे राहतो?" उत्तर ठरलेले असते : "बर्फात!"

येथेच सहल फसते, असे आम्हाला वाटते. बागेत २०१६ साली आणलेले आणि २०१७ पासून लोकांना पाहता येणारे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत. ही जात बर्फातली नव्हेच. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर, पुष्कळदा वाळवंटाला लागून, ती राहते. नकाशा उघडून पाहा. पेरूची राजधानी लिमा १२ अंश दक्षिण अक्षांशावर आहे, विचुंबे १९ अंश उत्तरेला. म्हणजे लिमाजवळचा पेंग्विन आपल्यापेक्षाही विषुववृत्ताच्या जवळ राहतो! हे शक्य होते ते दक्षिणेकडून येणाऱ्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे आणि खोलातून वर येणाऱ्या गार पाण्यामुळे. त्याच पाण्यात त्याचे खाद्य, म्हणजे लहान मासे, विपुल असतात.

काचेआडचा गारवा थंडी दाखवतो. तिचे कारण दाखवत नाही. ते काम शिक्षकाचे. आमची तक्रार बागेविषयी नाही, सहलीच्या आखणीविषयी आहे. गाडी ठरते, डबे ठरतात, प्रश्न मात्र ठरत नाही. निघण्यापूर्वी फळ्यावर एकच प्रश्न लिहावा : "हा प्राणी तिथेच का राहतो?" परतल्यावर नकाशासमोर उत्तर शोधावे. मग गाढी नदीकाठचा बगळा पाहूनही मुले तोच प्रश्न विचारतील, आणि त्यासाठी गाडीही लागणार नाही.