‘निवेदना’तील प्रव्रज्येची पूर्वतयारी

गोमंतकातील साखवाळ गावी १८७६ मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान निर्विवाद असून त्याच्या अनलंकृत भाषेची व प्रांजळपणाची वाखाणणी होत आली आहे. तथापि हा प्रांजळपणा केवळ लेखकाच्या स्वभावाचा भाग मानावा, की ज्या दीक्षेसाठी त्याने घर सोडले तिच्या शिस्तीशीही त्याचा काही संबंध आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

कोसंबींनी १८९९ मध्ये घर सोडले आणि १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडून श्रामणेराची दीक्षा घेतली. या दोन घटनांमधील काळ हाच ग्रंथाचा गाभा होय. पुणे, काशी, नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता असा हा प्रवास. काशीत अन्नछत्रातले जेवण आणि संस्कृताचे अध्ययन. नेपाळात जिवंत बौद्ध धर्म भेटेल ही आशा आणि तेथे पदरी आलेली निराशा. वैराग्य हे एखाद्या क्षणी अवचित उजळणारे तेज असते, हा रूढ समज येथे टिकत नाही. वाटखर्चाची विवंचना, दोन घासांची सोय, व्याकरणाचे परिश्रम आणि अनोळखी माणसांची दया यांतूनच हा साधक घडत जातो.

विनयपिटकातील उपसंपदेचा विधी या दृष्टीने लक्षणीय आहे. उमेदवाराला आधी संघापासून बाजूस नेऊन, जे विचारले जाईल त्याचे खरे उत्तर द्यावयाचे आहे, अशी समज देतात. मग संघासमोर प्रश्न होतात. कुष्ठ, अपस्मार यांसारखे रोग आहेत काय? तो स्वतंत्र आहे काय, ऋणमुक्त आहे काय? राजसेवेत तर नाही ना? मातापित्यांची अनुज्ञा आहे काय? वीस वर्षे पुरी झाली काय? पात्र आणि चीवरे सिद्ध आहेत काय? येथे पुण्याईचे प्रदर्शन कोणी मागत नाही. बंधनांचा हिशेब मागतात. ‘निवेदना’चे कथन याच जातीचे आहे. घर सोडण्याचे फसलेले प्रयत्न, मनाची उद्विग्नता, परक्यांपुढे पसरावा लागलेला हात, हे सारे लेखक आवाज न चढवता सांगतो. पुढे ‘बौद्धसंघाचा परिचय’ लिहिणाऱ्या या पंडिताला विनयाचे मर्म पुरते ठाऊक होते.

परंतु विनयाच्या प्रश्नावलीत एक उणीव आहे, आणि तीच या ग्रंथाची खरी कसोटी ठरते. राहुलाच्या प्रव्रज्येने व्याकुळ झालेल्या शुद्धोदनाच्या विनंतीवरून मातापित्यांच्या अनुज्ञेचा नियम झाला. राहुलाच्या मातेसाठी मात्र कोणताच नियम झाला नाही. त्या कथेत ती ‘राहुलमाता’ एवढ्याच नावाने वावरते. पत्नीची संमती आहे काय, असा प्रश्न संघ विचारीत नाही. कोसंबी पत्नी आणि लहान मुलगी यांना मागे ठेवून निघाले होते. अर्थात विनयाच्या प्रश्नांना त्यांच्यापाशी उत्तरे असली, तरी या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

१९०६ मध्ये कलकत्त्यास भिक्षुवेष उतरवून त्यांनी गृहस्थाश्रम पुन्हा पत्करला. याला साधनेतील च्युती म्हणणे सोपे आहे. पण वेष उतरल्यावरही पालीचे अध्यापन आणि बुद्धवचनाचे मराठी विवरण हे व्रत सुटले नाही, हे ध्यानी घेता तो निर्णय राहून गेलेल्या ऋणाची फेडच वाटतो.

असे असूनही समीक्षकाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. निघून जाणाऱ्याची वाट ग्रंथात पावलापावलाने दिसते. मागे राहिलेलीची वर्षे मात्र दिसत नाहीत. बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली असतील, हे वाचकाला अनुमानानेच भरून काढावे लागते. इतक्या सत्यनिष्ठ आत्मकथनातही जी जागा रिकामी राहते, ती एकट्या कोसंबींची नव्हे. राहुलमातेपासून ती तशीच रिकामी आहे.