'घरगुती' ध्वनिमुद्रण : एका विशेषणाची चिकित्सा

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या समीक्षेत 'घरी मुद्रित केलेले' हे वर्णन आता केवळ माहितीपर राहिलेले नाही; त्यास गुणवाचक विशेषणाचा दर्जा प्राप्त झाला आहे. गायकाने आपल्या खोलीत गिटार व मायक्रोफोन संगणकास जोडून गीत मुद्रित केले, एवढे कळताच समीक्षकास त्या गीतात प्रांजळपणा, एकांत आणि जिव्हाळा यांचा प्रत्यय येऊ लागतो. हा प्रत्यय खोटा असतो असे नव्हे. परंतु तो कशातून उत्पन्न झाला याची चौकशी न करता त्याचे सारे श्रेय घराला देणे म्हणजे पोथी ज्या गावी सापडली त्या गावावरून तिची भाषा ठरविण्यासारखे आहे.

मूळ प्रश्न असा की, घर ध्वनिमुद्रणात शिरते कोणत्या वाटेने? विद्युत गिटारची पोलादी तार पिकपच्या चुंबकीय क्षेत्रात कंप पावते आणि त्या पिकपमधील वेटोळ्यात विद्युतदाब प्रवर्तित होतो. या व्यवहारात हवेला स्थान नाही. गिटार थेट जोडलेली असेल, तर स्वयंपाकघरात भांडी कोसळली तरी त्यांचा आवाज मुद्रणात उमटणार नाही. 'ध्वनिमुद्रण' ही संज्ञाच येथे अडखळते. कारण जे मुद्रित होते तो ध्वनी नसून ध्वनीच्या पूर्वीची एक विद्युतघटना असते, आणि तिला ध्वनित्व प्रथम लाभते ते ध्वनिक्षेपकात. मायक्रोफोनचे याउलट आहे. तो हवेचेच कंपन ग्रहण करतो, आणि हवेबरोबर भिंती, पडदे, रस्ता हे सारे आत येते.

या दोहोंची जातकुळी इतकी भिन्न आहे की संगणकापूर्वीच्या जोडपेटीत, म्हणजे ऑडिओ इंटरफेसमध्ये, त्यांची निराळी सोय करावी लागते. मायक्रोफोनचा संरोध सामान्यतः दीडशे-दोनशे ओहम. त्याचा संकेत अतिक्षीण म्हणून त्यास विवर्धक लागतो, आणि कंडेन्सर जातीचा असल्यास बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठाही. गिटारच्या पिकपचा संरोध कित्येक हजार ओहम, व उच्च कंप्रतांना त्याहून पुष्कळ अधिक; म्हणून त्याच्या खाचेचा संरोध सुमारे दहा लाख ओहम ठेवतात. तीच गिटार दहा-वीस हजार ओहमांच्या साध्या खाचेत जोडली की पिकपचे अनुस्पंदन दबते, उच्च कंप्रता क्षीण होतात आणि आवाज घोंगडी पांघरून आल्यासारखा येतो. एखादा रसिक त्यास 'उबदार' म्हणेल. ती ऊब घराची नव्हे, चुकीच्या खाचेची असते.

संगणक घरोघरी येण्यापूर्वीचे एक उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'नेब्रास्का' (१९८२) या संग्रहातील गीते न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथे, भाड्याच्या घरात, चार पट्ट्यांच्या कॅसेटयंत्रावर दोन शुअर एसएम ५७ मायक्रोफोनांनी मुद्रित झाली. गायन व गिटार दोन्ही मायक्रोफोनमधूनच गेल्यामुळे येथे घराला वाव होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि अंतिम मिश्रण करताना ती गीते एकोप्लेक्स या प्रतिध्वनियंत्रातून नेण्यात आली. म्हणजे या संग्रहात जी ओसाड, रिकाम्या घराची जाणीव होते, तिच्यातील निनाद भिंतींचाच आहे असे गृहीत धरता येत नाही.

स्टीव्ह लेसी याचा २०१७ मधील 'डेमो' हा लघुसंग्रह याच्या दुसऱ्या टोकाला आहे. बहुतांशी आयफोनवरच रचलेल्या या गीतांत गिटार एका लहान जोडणीतून थेट दूरध्वनीत गेली, तर कंठस्वर दूरध्वनीच्याच मायक्रोफोनने टिपला. दूरध्वनी येथे संगणकाचेच काम करतो. अर्थात एकाच गीतात एक आवाज खोलीतला आणि दुसरा कोणत्याही खोलीत नसलेला, अशी दुहेरी रचना झाली आहे. तिचे वेगळेपण या दुहेरीपणात शोधावयास हवे. 'घरगुती' या एका शब्दाने ते झाकले जाते.

जिव्हाळ्याच्या प्रत्ययाचा उगम बहुधा घरात नसून अंतरात असतो. एकदिश मायक्रोफोनच्या चार बोटांवर तोंड आणून गायले असता मंद कंप्रता उठावतात, श्वास ऐकू येतो, ऊष्म वर्ण धारदार होतात. मराठी गायकाच्या बाबतीत 'भ', 'फ' यांसारख्या ओष्ठ्य महाप्राणांचा झोत तर पडद्यावर थाप पडल्यासारखा आदळतो. कानाशी बोलणाऱ्या माणसाची ही लक्षणे आहेत. महागड्या ध्वनिगृहातही ती साधता येतात, आणि साधली जातात.

संगणक स्वतःचीही एक खोली निर्माण करतो. सेकंदास ४४,१०० नमुने घेतले जात असता २५६ नमुन्यांचा एक साठा भरण्यास सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात; जाणे व परत येणे धरता निदान दुप्पट. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे चार मीटर जातो. वादकाला आपलेच वाद्य जणू खोलीच्या पलीकडून ऐकू येते. श्रोत्यास या खोलीचा पत्ता नसतो. परंतु वादकाच्या लयीवर तिची छाया पडू शकते.

मग घराचा वाटा शून्य समजावा काय? तसे नाही. घर देते ते वेळ. तासाचे भाडे चालू नसल्याने ओळ चाळीसदा गाता येते, आणि प्रकाशनाचा हेतू नसतानाही गाता येते. 'नेब्रास्का'चे मुद्रण मुळात वाद्यवृंदासाठी केलेला कच्चा खर्डा होता. वृंदासह केलेले प्रयत्न मागे ठेवून तोच प्रसिद्ध झाला. हा गुण कालाचा व हेतूचा आहे, ध्वनीचा नव्हे.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने येथे एक अवघड प्रश्न उरतो. थेट जोडलेल्या गिटारचा कोरा संकेत जपून ठेवल्यास तो पुढे केव्हाही निराळ्या विवर्धकातून, निराळ्या दालनात वाजवून पुन्हा मुद्रित करता येतो, आणि तसे करण्याची रीत रूढ आहे. मायक्रोफोनने टिपलेल्या स्वरास त्याची खोली मात्र बहुतेक चिकटूनच राहते. तेव्हा गीताची मूळ संहिता कोणती मानावयाची, कोरा संकेत की प्रकाशित ध्वनी, हे गिटारपुरते व कंठापुरते स्वतंत्रपणेच ठरवावे लागते.