आरशातली सावली

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा जॉर्डन मेकनरचा १९८९ मधला संगणकी खेळ. २०१५ साली ‘इंटरनेट अर्काइव्ह’ने दोन हजारांवर जुने डॉस-खेळ ब्राउझरमध्ये खेळण्याजोगे केले, त्यांत हाही होता.

साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचे, एवढेच कथानक. पण राजपुत्र आरशातून उडी घेतो आणि त्याची सावली निराळी होऊन पळते. पुढे त्याच्या औषधाची कुपीही तीच पिऊन टाकते! अखेरीस तिच्यावर वार करावा तर घाव आपल्यालाच बसतो. तलवार म्यान केली तरच दोघे एक होतात. ही सावली सुचली ती टंचाईतून. अ‍ॅपल-टू यंत्राच्या स्मृतीत नव्या शत्रूला जागा नव्हती, म्हणून नायकाचीच चित्रे पुन्हा वापरली. आम्हां कादंबरीकारांना चारशे पानांतही असे पात्र क्वचितच साधते.

ब्राउझरमधला हा पुनर्जन्म मात्र मला अर्धाच वाटतो. सातारा-सांगलीकडच्या संगणकाच्या क्लासांत पाठीशी दुसरा मुलगा पाळीची वाट पाहत उभा असे. पडद्यावरच्या साठ मिनिटांना त्याच्या चुळबुळीची धार होती. आता पाठीशी कोणी नाही. कंटाळा आला की पान मिटावे, राजकन्या उद्यावर!