पंडितवाद की राजवाद?

सातारा-सांगलीकडील एखाद्या महाविद्यालयात ख्रिस्ती धर्मसमर्थनपर व्याख्यान योजावयाचे झाल्यास त्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती अशा सभांच्या नेहमीच्या मांडणीस. वक्ता आपला, अध्यक्ष आपला, आणि श्रोत्यांच्या चिठ्ठ्यांपैकी सोयीच्या तेवढ्याच वाचावयाच्या! यास वाद म्हणता येत नाही.

याहून जुने मिशनरी धीट होते. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी रेव्हरंड जॉर्ज बोवेन विष्णुबुवा ब्रह्मचारी यांच्याशी भर जमावात वाद करीत. साताऱ्यास तर निराळीच वाट दिसते. १९१७ साली रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आरंभिलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते.

मिलिंदपञ्हात नागसेन स्थविर राजास आधीच बजावतात, की पंडितांप्रमाणे बोलणार असाल तरच बोलू. पंडितवादात कोंडी होते, ती सोडविली जाते, दोष दाखविला जातो, तो कबूलही केला जातो. तरी पंडित कोपत नाहीत. राजे मात्र आपलेच एक मत धरतात आणि विरोधकास दंड फर्मावितात. चिठ्ठी बाजूस सारणारा संयोजक हा असा छोटा राजाच होय. (आपल्या विहारांतील व्याख्यानमालांनाही हे लागू आहे.)

मज्झिमनिकायातील उपालि गृहपती वादात हरून उपासक होऊ लागला, तेव्हा भगवंतांनी त्यास नीट विचार करून ठरविण्यास सांगितले; निगंठांची भिक्षा बंद करू नकोस, असेही सांगितले. सभा संपताच दाराशी नावनोंदणीचे टेबल मांडणाऱ्यांना हे कितपत मानवेल?