२ × ५ = १० : भट्टीच्या धोका-तक्त्यात पाऊस कुठे आहे?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या धातू उद्योगावर काम करायचं ठरवलं असेल, तर एक तक्ता तुमच्या हाती पडणारच. २००६च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय परिणाम अहवालाच्या सातव्या प्रकरणात धोक्याचं मूल्यमापन असतं. तक्त्याचा साचा ठरलेला : शक्यता १ ते ५, तीव्रता १ ते ५, दोन्हींचा गुणाकार आणि शेवटी रंग. समजा, ‘वितळलेल्या धातूचा पाण्याशी संपर्क’ या ओळीत शक्यता २, तीव्रता ५, म्हणजे १०, पिवळा. उपाय : एप्रन, हातमोजे, प्रशिक्षण. उपायांनंतर ४, हिरवा. झालं!

हा तक्ता प्रबंधात जसाच्या तसा उतरवू नका.

आधी गणित बघा. हे आकडे म्हणजे वर्गातले नंबर आहेत, मापं नव्हेत. पहिल्या आणि पाचव्या नंबराचा गुणाकार कोणी करतं का? रोजचं किरकोळ भाजणं (५ × २) आणि चार माणसं मारणारा स्फोट (२ × ५) इथे एकाच रंगाचे होतात. टोनी कॉक्स यांनी २००८ साली ‘रिस्क अ‍ॅनालिसिस’ या नियतकालिकात दाखवलं, की क्वचित पण भीषण आणि वारंवार पण किरकोळ अशा धोक्यांची सरमिसळ असेल, तर असा तक्ता आंधळेपणाने निवड करण्यापेक्षाही वाईट ठरू शकतो. हा लेख मुळातून वाचाच.

पण माझा खरा आक्षेप त्या ‘२’वर आहे. तो आला कुठून?

एक लिटर पाणी १५०० अंशांच्या धातूखाली अडकलं, तर वाफ त्याच तापमानापर्यंत तापून सुमारे ८ हजार लिटर जागा मागते, तीही क्षणात. धातू वर उडतो तो त्यामुळे. हे पाणी येतं कुठून? ओल्या भंगारातून, दोन्ही तोंडं बंद असलेल्या पाइपातून, नीट न सुकवलेल्या लॅडलच्या अस्तरातून, भट्टीच्याच गळक्या कूलिंग लाइनमधून. चंद्रपुरात विजेच्या भट्टीत मँगनीजचं खनिज वितळवतात, कोनसरीला स्पंज आयर्न होतं. स्पंज आयर्न भिजलं तर तापतं आणि हायड्रोजन सोडतं, म्हणजे धातू वितळायच्या आधीच स्फोटाची सोय! आपल्याकडे चार महिने पाऊस. वर्षाची सरासरी २ असली, तरी ती जानेवारीत १ आणि जुलैत ४ असू शकते. तक्त्याला महिनाच माहीत नाही.

‘इतक्या वर्षांत अपघात नाही, म्हणून २’ हे उत्तरही पुरत नाही. अमेरिकेत लुईव्हिलला कार्बाइडच्या विद्युत भट्टीत मार्च २०११मध्ये स्फोट होऊन दोन कामगार गेले. चौकशीत निघालं, की आधीच्या पाच महिन्यांत भट्टीच्या झाकणातली पाणीगळती दुरुस्त करायला २६ वर्क ऑर्डर निघाल्या होत्या आणि भट्टी चालूच होती. शक्यतेचा आकडा त्या कागदांत होता.

चांगलं संशोधन कसं दिसतं? अल्कोआचे जी. लाँग यांनी १९५७ साली छापलेले प्रयोग बघा. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या भांड्यात ओतायचं आणि एकेक गोष्ट बदलत जायची. भांड्याचा तळ गंजलेला किंवा चुना लावलेला असला की स्फोट. ग्रीस किंवा विशिष्ट रंग लावलेला असला की नाही. म्हणजे ‘संपर्क’ या एका शब्दात किती वेगवेगळ्या परिस्थिती दडल्यात बघा.

आणि तो एप्रन. शिंतोडे तो अडवतो, अंगावर आलेला लॅडलभर धातू नाही. तरीही त्याच्या जोरावर १०चे ४ होतात. हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण तो ४ बघून कोणीतरी माणसाला भट्टीजवळ उभं करतं. शिवाय धोका ओतकामापुरता नसतो. फेब्रुवारी २०२१मध्ये शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, भूगावच्या पोलाद कारखान्यात, तीसहून जास्त माणसं भाजली तेव्हा देखभालीचं काम चालू होतं. यंत्रनिहाय तक्त्यात देखभालीला आलेली ठेक्याची माणसं सहसा मोजलीच जात नाहीत.

फील्डवर गेलात तर तक्ता मागायच्या आधी भंगाराच्या यार्डावर छप्पर आहे का बघा. लॅडल किती तास तापवतात आणि त्याची नोंद कोण करतं, हे रात्रपाळीच्या माणसाला विचारा. मग जुलै महिन्याचं दुरुस्तीचं रजिस्टर मागा. मिळालं नाही, तर तसं प्रबंधात लिहा.