बुलढाण्याची केसगळती आणि ‘६०० पट’चा आकडा: तुलना कोणाशी?

पेटची तयारी करताना ‘रिसर्च मेथडॉलॉजी’चा पेपर बहुतेक जण पाठ करून काढतात. केस-कंट्रोल स्टडी म्हणजे काय, कन्फाउंडर म्हणजे काय, व्याख्या तोंडपाठ असते. पण खरी बातमी समोर आली की त्यातलं काही वापरलं जात नाही. म्हणून आज एक खरं प्रकरण घेऊ. तेही आपल्याच राज्यातलं.

शेगाव म्हटलं की आमच्या चौसाळ्यात आधी गजानन महाराज आठवतात. पण डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुका वेगळ्याच कारणाने देशभर गाजला. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. डोकं खाजायचं, केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाधितांचा आकडा १८ गावांत २७९ वर गेला. त्यात कॉलेजला जाणाऱ्या मुलीही होत्या. कोणी मुंडण करून घेतलं, कोणी घराबाहेर पडणं सोडलं. आधी बुरशीचा संशय आला, मग पाण्यातल्या नायट्रेटचा, शाम्पूचाही. आयसीएमआरची पथकं येऊन नमुने घेऊन गेली.

याच काळात डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले. हे मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, म्हणजे आपल्या मराठवाड्याचे. महाडला राहून विंचूदंशावर त्यांनी केलेलं काम जगभर माहीत आहे. त्यांनी स्वतःच्या खर्चाने रक्त, लघवी, केस आणि गव्हाची तपासणी करून घेतली. त्यांचा निष्कर्ष असा: रेशनवर आलेल्या, पंजाबातल्या गव्हात सेलेनियम प्रचंड होतं आणि त्यानेच केस गेले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं आढळलं, असं त्यांनी सांगितलं.

आता या दाव्याकडे परीक्षकाच्या नजरेने बघू. आधी त्याची मजबूत बाजू.

पहिली गोष्ट, केस गळण्याचा वेग. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर केस गळतात ते साधारण दोन-तीन महिन्यांनी. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. आनुवंशिक टक्कल तर वर्षानुवर्षं हळूहळू पडतं. तीन-चार दिवसांत टक्कल पडतं तेव्हा वाढीच्या अवस्थेतल्या केसांच्या मुळालाच काहीतरी बाधतंय, असा संशय घ्यावा लागतो. म्हणजे विषबाधेची शक्यता वर येते.

दुसरी गोष्ट, हे आधीही घडलंय. चीनमधल्या एनशी भागात १९६० च्या दशकात सेलेनियममुळे लोकांचे केस आणि नखं गेली होती. २००८ मध्ये अमेरिकेत चुकीच्या प्रमाणात सेलेनियम पडलेल्या एका पूरक औषधाने २०१ जण आजारी पडले, त्यांतही केसगळती मोठ्या प्रमाणात होती. पंजाबात होशियारपूर, नवांशहर भागांतल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हेही जुनं संशोधन आहे. तेव्हा ही कल्पना हवेतली नाही.

आता आकडे. बातम्यांत आलं की गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होतं. रोज २५० ग्रॅम पीठ खाणारा माणूस धरा. १४.५२ ला ४ ने भागा: सुमारे ३.६ मिलिग्रॅम, म्हणजे ३,६०० मायक्रोग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा २५५ मायक्रोग्रॅम ठरवली, आणि ती ठरवताना केसगळती हेच सुरुवातीचं लक्षण धरलं होतं. त्याच्या हे चौदा पट झालं. एनशीत रोजचं सरासरी सेवन सुमारे ५ मिलिग्रॅम होतं. म्हणजे आकडा त्याच घरातला. इथपर्यंत दावा टिकतो.

पण आता तुलनेचे आकडे बघा. काही बातम्यांत ‘नेहमीचं प्रमाण’ किलोला १.९ मिलिग्रॅम दिलं होतं. काही ठिकाणी ‘स्थानिक गव्हापेक्षा ६०० पट’ असं होतं. १४.५२ ला १.९ ने भागलं तर साडेसात पट येतं. ६०० पट खरं असेल तर स्थानिक गहू किलोला ०.०२४ मिलिग्रॅमचा हवा. दोन्ही तुलनांत जवळजवळ ८० पटींचा फरक आहे! शिवाय १.९ हे ‘नेहमीचं’ म्हणावं, तर २५० ग्रॅम पिठातून रोज ४७५ मायक्रोग्रॅम जातील. म्हणजे नेहमीचा गहू खाऊनही आपण सगळे २५५ च्या वर. हे पटत नाही. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे, पण बातमी पुढे पाठवणाऱ्या कोणी केलं नाही.

याहून मोठा प्रश्न कंट्रोल ग्रुपचा. ३५ पट, ६० पट, १५० पट, पण कोणाच्या तुलनेत? पुस्तकातल्या प्रमाणाशी तुलना पुरेशी नाही. रेशनचा गहू गावभर जातो. त्याच घरात, त्याच पिठाची पोळी खाऊन ज्याचे केस शाबूत आहेत त्याच्या रक्तात किती सेलेनियम होतं? तेवढंच असेल तर सेलेनियमने एकट्याने हे केलं म्हणता येत नाही. खूप कमी असेल तर दावा पक्का होतो. रुग्णांत झिंक कमी आढळलं म्हणतात, तिथेही तोच प्रश्न: शेजाऱ्यात ते किती होतं?

गंमत म्हणजे हा धडा बावस्करांच्याच कामात आहे. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा विंचूदंशावरचा अभ्यास आला. एका गटाला प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिनसोबत प्रतिविष, आणि कोण कुठल्या गटात जाणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलेलं. तालुक्याच्या गावी बसूनही तुलना नीट करता येते, हे त्यांनीच दाखवलंय. त्यामुळे ही टीका त्यांच्या हेतूवर नाही. सरकारी यंत्रणेआधी एक वयस्कर डॉक्टर पदरचे पैसे घालून नमुने तपासतो, हे मोठंच आहे. पण पहिला सुगावा म्हणजे शेवटचा पुरावा नव्हे, हा फरक आपण वाचकांनी पाळायचा असतो.

हे इतकं ताणून का सांगतोय? कारण असले निष्कर्ष गावोगाव पोहोचतात. पंचविशीतल्या पोराचे कपाळाकडचे केस मागे सरकले की त्याला रेशनच्या गव्हाचा संशय येतो. त्याचं कारण बहुधा आनुवंशिक असतं. त्यावर मिनॉक्सिडिल लावायचं तर चार-सहा महिने चिकाटी लागते, सुरुवातीला गळती वाढलेलीही दिसते. फिनास्टेराइड डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायचं नाही. पण पोरगं यातलं काही न करता मेडिकलमधून ‘केसांच्या गोळ्या’ आणतं. त्या डबीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. बऱ्याच गोळ्यांत सेलेनियमच असतं! कमतरता नसताना ते वरून घेण्यात फायदा नाही, आणि जास्त झालं तर तेच केस घालवतं.

शेवटी तुमच्यासाठी काम. शेगाव तालुक्यासाठी केस-कंट्रोल अभ्यास एका पानावर आखा. बाधित म्हणजे नेमकं कोण? कंट्रोल कुठून घ्याल: त्याच घरातून, त्याच रेशन दुकानाच्या यादीतून, की शेजारच्या गावातून? कोण किती पोळ्या आणि किती भाकरी खातो, हे कसं मोजाल? गव्हाचं पोतं संपून गेलं असेल तर काय तपासाल? हे पान लिहिता आलं, तर पेटमधला तो प्रश्न पाठ करायची गरज उरणार नाही.